शेवटी उरलेलं कार्ड

देवाच्या कामात लुडबुड करू नये, हे मला कळतं. पन्नाशीला टेकलेल्या बाईला एवढं तरी कळायलाच हवं. तरीही मी ती केली, आणि तीही चर्चमध्ये, उपासना चालू असताना, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

आमच्या मंडळीत वर्षाच्या पहिल्या रविवारी वचनाची कार्डं काढतात. पत्र्याचा एक चपटा डबा बाकाबाकावरून फिरतो. प्रत्येकाने डोळे मिटून एक कार्ड उचलायचं आणि त्यावरचं वचन वर्षभर आपलं म्हणून जपायचं. कुणी ते आरशाला खोचतं, कुणी पाकिटात ठेवतं. ज्याला आपल्या कार्डातून काही उमगेल त्याने पुढच्या एखाद्या रविवारी उभं राहून साक्ष द्यायची. मंडळीत छापखाना माझा एकटीचाच, त्यामुळे वचनं मी निवडते, मी छापते, मी कापते आणि डबा घेऊन फिरतेही मीच. इतकी सत्ता एका हातात देऊ नये, पण आजवर कुणी ते मनावर घेतलेलं नाही.

या वर्षी त्यातलं एक ठरावीक कार्ड मला ताईला द्यायचं होतं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, कपडे शिवते, उसवते, ढगळ ते घट्ट आणि घट्ट ते ढगळ करून देते. ती एकोणतीस वर्षांची असताना आईला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. ताईचं लग्न ठरलेलं होतं. मुलाकडच्यांनी सहा महिने वाट पाहिली, मग दुसरीकडे सोयरीक केली. मी तेव्हा दुसऱ्या शहरात छपाईचं शिक्षण घ्यायला निघाले होते. बॅग भरलेली होती. ताई म्हणाली, “तू जा, मी बघते.” आणि मी गेले. शिकता शिकता एका छापखान्यात उमेदवारी केली, मग नोकरी लागली, मग स्वतःची मशीन झाली. दर वर्षी मी म्हणायची, पुढच्या वर्षी कायमची येते. वर्षातून दोनदा दोन दिवस यायची, पाहुण्यासारखी चहा प्यायची, ताईला चार सल्ले द्यायची आणि परत जायची. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ना, ते मी सतरा वर्षं केलं. आई गेली तेव्हा मात्र सामानसुमान घेऊन आले. त्याला आता आठ वर्षं झाली. पुढच्या खोलीत माझा छापखाना आणि ताईचं शिलाई मशीन, मागे स्वयंपाकघर, आणि आईच्या खोलीत मी झोपते.

या आठ वर्षांत ताईने मला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. मी तरी भांडले असते, आणि भांडण मला छान जमतं.

तर, ते वचन. योएल नावाच्या संदेष्ट्याचं आहे. देशावर टोळधाड आली, शेतं बोडकी झाली, झाडांच्या साली सोलल्या गेल्या. आणि त्या सगळ्यानंतर देव म्हणतो की टोळांनी खाल्लेली वर्षं मी तुम्हांला भरून देईन. टोळांचे चार प्रकार सांगितले आहेत: कुरतडणारे, थव्याने येणारे, चाटूनपुसून नेणारे आणि उरलंसुरलं संपवणारे. प्रूफ वाचताना माझा हात तिथे थांबला. आपण कुठल्या प्रकारात बसतो, असा विचार मनात आला, आणि चारही प्रकारांत बसतो असं दिसलं.

त्यात घड्याळवाले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, आणि रविवारी ते चर्चमध्ये पेटी वाजवतात. बायको जाऊन सहा वर्षं झाली. गृहस्थ सरळ, स्वच्छ, थोडे हळू. त्यांनी ताईला लग्नाचं विचारलं होतं. म्हणजे आधी मला विचारलं की विचारू का, आणि मी म्हटलं विचारा, कुणाची वाट बघताय. ताईने उत्तर दिलं नव्हतं. “बघू,” एवढंच म्हणाली. ताईचं “बघू” मला माहीत आहे. त्या “बघू”त माणसं म्हातारी होतात.

मग मी ठरवलं. वर्षं माझ्यामुळे गेली, ती भरून द्यायची सुरुवात मीच करून देते. ताई माझं ऐकणार नाही, पण कार्डाचं ऐकेल.

काम अवघड नव्हतं, कारण ताई कायम शेवटी घेते. लहानपणापासून. आई पानात वाढायची तेव्हाही “आधी धाकटीला” म्हणून स्वतःचं ताट मागे सरकवायची. चर्चमध्ये ती शेवटच्या बाकावर, भिंतीकडच्या कोपऱ्यात बसते. डब्यात उरेल ते तिचं. मी दारात उभी राहून डोकी मोजली, एक्क्याऐंशी भरली. ऐंशी कार्डं वर ठेवली आणि ते एक डब्याच्या तळाच्या कागदाखाली सरकवलं. ऐंशी माणसांनी डोळे मिटून आपापलं नशीब उचललं. भिंतीकडच्या कोपऱ्यात पोचेपर्यंत मी बोटाने कागद बाजूला केला होता. ताईने डोळे मिटले, हात घातला, आणि तिला ते मिळालं.

तिने वाचलं. पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. चोराच्या मनात चांदणं. पण तिने कार्ड चष्म्याच्या घरात ठेवलं आणि गाण्याला उभी राहिली.

बाहेर पायऱ्यांवर लोक एकमेकांना कार्डं दाखवत होते. घड्याळवाले आले. मी मुद्दाम ताईचं कार्ड त्यांना दाखवायला लावलं. म्हटलं, माणूस आता तरी काही बोलेल. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचलं, बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, “मला नाही वाटत हे असं होतं. बंद पडलेलं घड्याळ मी दुरुस्त करतो. पण ते बंद होतं तेवढा वेळ काही परत येत नाही. पुढचा बरोबर दाखवतं, एवढंच.”

मला त्यांना पायरीवरून ढकलून द्यावंसं वाटलं. मी तुमच्यासाठी देवाच्या डब्यात हात घातला, आणि तुम्ही आपल्याच पायावर धोंडा पाडून घेताय! ताई मात्र हसली. “बरोबर आहे तुमचं,” म्हणाली.

त्या दिवसापासून ताई काज करताना मधेच थांबायची, कार्ड काढून बघायची, माझ्याकडे बघायची, आणि परत सुई चालवायची. बुधवारी म्हणाली, “मला पाळकबाईंकडे जायचंय. या वचनाचा अर्थ विचारायचाय. येतेस?” आता न जाऊन सांगते कुणाला.

आमच्या पाळकबाई तरुण आहेत, ताईच्या निम्म्या वयाच्या असतील. त्यांच्या टेबलावर पुस्तकांची चळत असते, आणि त्या कुठल्याही प्रश्नाला एक उत्तर देत नाहीत, तीन देतात. मला त्याची चीड येते. ताईला आवडतं.

“हे वचन एका माणसाला दिलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “सगळ्या लोकांना मिळून दिलंय. त्यांचं पीक गेलं होतं, मंदिरात अर्पण करायला धान्य उरलं नव्हतं. देव म्हणतो, कोठारं पुन्हा भरतील. काहीजण म्हणतात की टोळ म्हणजे शत्रूचं सैन्य. काही म्हणतात, टोळ म्हणजे टोळच.”

“मग आपला त्यात काय संबंध?” मी विचारलं. जरा जोरातच.

“तिथेच ख्रिस्ती लोकांत मतं वेगळी होतात. पेन्टेकॉस्टच्या सणाला येशूचा शिष्य पेत्र उभा राहिला आणि याच वचनाच्या पुढच्या ओळी घेऊन म्हणाला, हे आज तुमच्यासमोर घडतंय. देव सगळ्यांवर आपला आत्मा ओततोय. म्हणून कितीतरी जण मानतात की परत मिळालं ते धान्य नाही, स्वतः देवच मिळाला, आणि तो सगळ्यांना मिळाला. काहीजण म्हणतात, नाही, अजून पूर्ण व्हायचंय. शेवटच्या दिवसांत, त्याच लोकांना, त्याच भूमीत, अक्षरशः. आणि बरेचजण म्हणतात, सुरुवात झालीय, शेवट राहिलाय.”

“आणि तुम्ही काय म्हणता?” ताईने विचारलं.

“मी म्हणते, वचनाची चिठ्ठी करून एकट्याच्या खिशात घालताना जपावं. पण देव कसा आहे हे तर त्यातून कळतंच ना. गेलेलं पाहून तो हात झटकत नाही.” मग म्हणाल्या, “एक गोष्ट लोक वगळतात. ते टोळ मीच पाठवले होते, असंही देव तिथे म्हणतो.”

“टोळसुद्धा त्यानेच पाठवले?” ताईने विचारलं.

“तसं लिहिलंय. मला ते सोपं करून सांगता येत नाही.”

मी खिडकीबाहेर बघू लागले. ताई म्हणाली, “अजून एक विचारते. ज्याचं खाल्लं गेलं त्यालाच परत मिळतं ना? की भलत्याच्याही हातात पडू शकतं?” पाळकबाईंना प्रश्न कळला नाही. मलाही नाही. निघताना ताई म्हणाली, “या रविवारी मला साक्ष द्यायचीय. नाव लिहून घ्या.”

ताई आयुष्यात कधी साक्षीला उभी राहिलेली नाही. ती आता एक्क्याऐंशी माणसांपुढे उभी राहून सांगणार की देवाने मला हे दिलं, आणि देवाने काही दिलेलंच नव्हतं. दिलं होतं मी. ती त्या कार्डाच्या जोरावर लग्नाला हो म्हणेल, उरलेलं आयुष्य त्यावर उभं करेल, आणि एक दिवस तिला कळेल की धाकट्या बहिणीने तळाचा कागद सरकवला होता. तिची सतरा वर्षं मी आधीच खाल्ली होती, आता तिचा विश्वासही खाणार होते. न सांगावं तर असं, आणि सांगावं तर ती आठ वर्षं दाबून ठेवलेलं सगळं एकदाच बाहेर काढेल आणि मला घरात राहायला तोंड उरणार नाही. गुरुवारी नाही सांगितलं. शुक्रवारी एका दुकानाच्या पावतीपुस्तकांचे पाचशे कागद तिरके कापले.

शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर ताई कोटाचं अस्तर उसवत बसली होती. मी मशीन बंद केली. माझ्या मशीनचा आवाज थांबला की ताई नेहमी मान वर करते.

“ते कार्ड,” मी म्हटलं, “देवाने नाही दिलं. मी दिलं.” आणि सगळं सांगून टाकलं. डोकी मोजली, कागदाखाली लपवलं, शेवटी तुझ्यापुढे धरलं. घड्याळवाल्यांचंही सांगितलं. आणि मग जे सांगायचं ठरवलं नव्हतं तेही तोंडातून गेलं. “तुझी वर्षं मी खाल्ली, ताई. टोळ मीच आहे.”

ताईने कात्री खाली ठेवली. तिचा चेहरा लाल झाला.

“देवाच्या डब्यात हात घातलास?”

“हो.”

“उपासनेत? सगळे डोळे मिटून बसलेले असताना?”

“हो.”

“लाज नाही वाटली?”

“वाटली. पण नंतर.”

ती खूप चिडली. ताई चिडते तेव्हा आवाज चढवत नाही, हातातली वस्तू नीट घडी घालून बाजूला ठेवते. तिने कोट घडी घातला, अस्तर घडी घातलं, दोरे गुंडाळले. मी शाळेतल्या पोरीसारखी उभी होते. मग ती म्हणाली, “घड्याळवाल्यांना मी हो म्हटलंय.”

“कधी?”

“कार्डाच्या आधीच्या गुरुवारी. ते म्हणाले, घरी सांगूया का. मी म्हटलं, जरा थांबा, धाकटीला मी सांगेन. तुला एकटं वाटेल म्हणून सांगवत नव्हतं.”

मी मटकन स्टुलावर बसले. म्हणजे माझं कारस्थान, डोकी मोजणं, आठवडाभराची उडालेली झोप, सगळं पाण्यात. “मग साक्ष कसली देणार होतीस?”

“सांगणार होते की कार्ड चुकलंय,” ताई म्हणाली. “माझ्या हातात आलं आणि मला कळेचना. मी म्हटलं, माझं काय खाल्लंय टोळांनी? रात्रभर विचार केला. मग वाटलं, हे हिचं आहे. शेवटचं कार्ड उरलं म्हणून माझ्याकडे आलं, पण हे धाकटीचं आहे. तेच विचारायला गेले होते पाळकबाईंकडे.”

“माझं?”

“मग कुणाचं? सतरा वर्षं आईजवळ कोण होतं?”

“तू.”

“आणि कोण नव्हतं?”



“ऐक,” ताई म्हणाली. “दमले नाही असं नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्री उठायचं. तुझ्या नावाने भांडी आपटलीत मी. लग्न मोडलं तेव्हा आठ दिवस कुणाशी बोलले नाही. तू आली असतीस तर बरं झालं असतं, हे मी खोटं कशाला सांगू? पण ती वर्षं गेली म्हणू नकोस. त्यात आई होती. मला ती बदलून नकोत. तुझी गेली. तुला तर काहीच माहीत नाही.”

“काय माहीत नाही?”

“तिसऱ्या वर्षी ती एकदा एक शब्द बोलली होती, हे माहीत आहे?”

नव्हतं.

“आधीचे पाळकसाहेब यायचे ना, प्रार्थना सुरू केली की संपवायचेच नाहीत. एकदा अर्धा तास झाला, मी उभी, दूध उतू चाललेलं. आणि आई पलंगावरून म्हणाली, ‘पुरे.’ स्पष्ट. तीन वर्षांत पहिला शब्द. पाळकसाहेब रडले, आणि मग त्यांनी आभाराची प्रार्थना सुरू केली. ती पाऊण तास.”

मला हसू फुटलं. ताई उठली. माझा दंड धरून मला आईच्या खोलीत, म्हणजे माझ्या खोलीत घेऊन गेली. “आडवी हो,” म्हणाली. मी पलंगावर आडवी झाले. तीही शेजारी आडवी झाली. अरुंद पलंग, दोन जाड बायका, एक पाय तिचा बाहेर, एक माझा.

“वर बघ. पहिल्या वर्षापासून सांगते. पहिल्या वर्षी तिला मान वळवता येत नव्हती. हे छत, एवढंच दिसायचं. तू औषधांचं पार्सल पाठवायचीस, बाटल्या फुटू नयेत म्हणून आत छापखान्यातले कागद कोंबलेले असायचे.”

“ती रद्दी होती गं. बिघडलेली छपाई.”

“तिला काय माहीत? मी कागद फेकायला निघाले तर डाव्या हाताने माझं मनगट धरलं. सोडेना. मला वाटलं वाचायचेत, म्हणून धरले डोळ्यांपुढे. तर बोट वर करून छत दाखवलं. मग खळ शिजवली आणि स्टुलावर चढून एकेक चिकटवला. दर पार्सलला नवे. ते दाराच्या वर, बिस्किटाच्या पुड्यांचे कागद, ओळीने सहा. पंख्याच्या या बाजूला कुणाची तरी लग्नपत्रिका, नवऱ्याचं नाव दोनदा छापलेलं. तिथे औषधाची लेबलं. आणि बरोबर तुझ्या नाकाच्या वर शाळेच्या वहीचं बदक. त्याची चोच बदकापासून बोटभर लांब छापली होतीस.”

“रंग सरकला होता,” मी म्हटलं. “मालकाने मला त्यासाठी झापलं होतं.”

“आईला ते सगळ्यात आवडायचं. कुणीही आलं की बोट करून दाखवायची. माझ्या मुलीने केलंय. मीच सांगायची तसं, तिच्या वतीने.”

मी छताकडे बघत होते. मी यायची तेव्हाही आई बोट वर करायची, आणि मी वर न बघताच पंख्याचं बटण दाबायची. पांढरंशुभ्र छत. या घरात आले त्याच आठवड्यात मी ते रंगवून घेतलं होतं. कागद तोवर गळून गेले असणार; तेव्हा त्यावर चौकोनी पिवळे डाग होते, कुठे कुठे कागदाचे चिकटलेले तुकडे होते. मला वाटलं होतं, ओल आली असेल. रंगाऱ्याला मीच सांगितलं होतं, खरवडून काढ.

“तेव्हा का नाही बोललीस?”

“तू विचारलं नाहीस. आणि तू इतक्या हौसेने रंग आणला होतास.”

मग मात्र मला धरवेना. आठ वर्षं, नव्हे पंचवीस वर्षं साठलेलं रडू आलं, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखं. ताईने समजूत घातली नाही. तिने माझा हात धरून वर नेला आणि माझ्याच बोटाने दाखवत राहिली: हे बदक, ही पत्रिका, ही लेबलं.

“रडून घे,” ती म्हणाली. “पण लवकर आटप. हे नुसतं पहिलं वर्ष झालं.”